हात धुतलेलं पाणी

जो चहा नाकारतो तो छापा टाकायला आलेला सरकारी माणूस, हा नाथाजीचा ठाम नियम होता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं कोईमतुरात सोनं गाळलं. आता विट्याच्या बाजारात छोटं गलाईचं दुकान टाकलं होतं, पण नियम तोच. त्यामुळं दिवेलागणीला दुकानात आलेली प्राची नावाची पोरगी "काका, चहा नको" म्हणाली, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

पोरगी बोलायला गोड होती. बाप सांगलीजवळ हळद पिकवतो म्हणाली. आपण साताऱ्याला विज्ञान संवाद या विषयात एम.ए. करतोय म्हणाली. असला विषय असतो हेच नाथाजीला पटेना. विज्ञान असतं, ते ठीक. पण ते लोकांना समजेल असं कसं बोलायचं, याचीही पदवी? उद्या गप्पा हाणायचीही निघेल, मग पारावरची सगळी म्हातारी डॉक्टर होतील!

गलाईवाल्यांशी शिशाच्या त्रासाबद्दल बोलायचं, असा तिचा प्रकल्प होता. पण ही बाई सांगत काहीच नव्हती, नुसती विचारत होती. भट्टीचा कचरा कुठं साठवता? हेच कपडे घालून घरी जाता का? घरी लहान कोण आहे? आधी लोकांचं ऐकायचं, मग आपण तोंड उघडायचं, असं म्हणे त्यांना वर्गात शिकवतात. साताऱ्यात चालत असेल. विट्यात मात्र जो विचारत सुटतो, त्याची जीप कोपऱ्यावर उभी असते.

"आणि हात कुठं धुता, काका?"

इथं नाथाजीची खात्रीच पटली. हे बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. गलाईवाला कधी नळाखाली हात धूत नाही, परातीत धुतो. ते पाणी पिंपात साठवतो, खाली बसलेला गाळ वाळवतो आणि दुकानातल्या झाडलोटीबरोबर पुन्हा भट्टीला लावतो. त्या कचऱ्यातलं सोनं धरायला भट्टीत शिसं घालावं लागतं. हात धुतलेलं पाणी गटारात ओतणाऱ्याला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही.

"कुटं बी धुतो. तुला काय करायचंय?"

तिनं पांढऱ्या कापडाचा तुकडा त्याच्या तळव्यावर फिरवला आणि वर कसलासा फवारा मारला. कापड कुंकवासारखं लाल झालं.

"हे शिसं आहे, काका."

शिशाचं नुसतं नाव, शोध सोन्याचा. नाथाजी मनात म्हणाला. वर ही विचारते, "उद्या सकाळी घरी येऊ का? तुमच्या सुनेशी, वहिनींशी बोलायचंय." नको म्हणावं तर संशय वाढायचा. तो हो म्हणाला आणि ती जाताच त्यानं दुकानाचं शटर ओढलं.

घरी नात होती, ओवी. तिच्यावर नाथाजीचा जीव होता. दुकानातून आला की उंबऱ्यातच तिला उचलून घ्यायचा, स्वतःच्या हातानं भात भरवायचा. पण पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. सारखं पोट धरून रडायची, अंग धरत नव्हती. चुरूचुरू बोलायला लागली होती, तीही हल्ली गप्प गप्प असायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, तरी फरक नव्हता. कोईमतुरातला मुलगा रोज फोनवर तिचंच विचारायचा आणि सून रूपाली काळजीनं अर्धी झाली होती.

त्या संध्याकाळी नाथाजीनं दुकानातलं कचऱ्याचं पोतं घरी आणलं आणि ओवीच्या खाटेखाली सारलं. आजारी पोराच्या खाटेखाली छापेवाले हात घालत नाहीत, हा त्याचा दुसरा नियम.

सकाळी प्राची आली, एकटीच. कोपऱ्यावर जीप नव्हती, हे नाथाजी दोनदा बघून आला. रूपालीनं ओवीचं दुखणं सांगत चहा पुढं केला. पोरीनं कप उचलला आणि चवीनं चहा प्यायला.

नाथाजी चक्रावला. "काल न्हाई म्हनलीस की!"

"काल दिवस मावळला होता, काका. चातुर्मास आहे. आम्ही जैन, अंधार पडला की मी पाणीसुद्धा घेत नाही."

एवढ्यात खाटेखालून ओवी रांगत बाहेर आली. कोपरापर्यंत हात राखाडी आणि चार बोटं तोंडात. पोत्याची सुतळी कधी सुटली कुणास ठाऊक.

"आगं बया!" रूपाली धावली. प्राचीचा चेहरा उतरला.

नाथाजीनंच कापड मागून घेतलं. हा फवारा सोनंच हुडकतो, असं त्याला अजून वाटत होतं. त्यानं आधी सुनेच्या मंगळसूत्राच्या वाट्या पुसल्या, वर फवारा मारला. सोनं होतं, तरी कापड लाल झालं नाही. मग दुसरं कापड ओवीच्या तळव्यावर फिरवलं.

लालभडक.

"रक्त तपासलं की कळतं," प्राची हलकेच म्हणाली. "उपायही आहेत. आजच सांगलीला नेऊया. मी येते बरोबर."

नाथाजीनं नातीला उचलून मोरीत नेलं, नळ सोडला आणि तिचे हात चोळू लागला. पायानं परात कधी खाली सरकवली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"आवं मामंजी," रूपालीचा आवाज फाटला, "परात कशाला?"

राखाडी पाण्यात खाली एक कण चमकला. नाथाजीला भडभडून आलं.

"पोरी," तो मागं न बघताच म्हणाला, "काल इचारत हुतीस, ते आता इचार. समदं सांगतो."

"हे पोतं घरात कधी आणलं, काका?"

"कालच. तुझ्यापासनं लपवाय."

प्राचीनं ओवीकडं पाहिलं. "पण ओवी तर त्याआधीपासून आजारी आहे."

नाथाजीनं नातीच्या हातांवरचे आपले हात पाहिले आणि चटका बसावा तसे बाजूला घेतले.

"त्याच्या आदी मीच आनत हुतो," तो म्हणाला. "रोज."