पाणमांजराच्या आईचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे आवाजबाई म्हणत. चौदा वर्षं ती कार्टूनच्या सिनेमांना आवाज देत होती. परी, कासव, रडका ढग, चिडकी किटली, काय म्हणाल ते. पण खरी मागणी होती तिच्या आयांना. म्हणजे मरणाऱ्या आयांना. घारीच्या पिल्लाची आई, सशाची आई, एकदा तर चक्क एका ट्रॅक्टरची आई. सगळ्या पहिल्या पंधरा मिनिटांत खलास. आई जिवंत असली तर पोर घराबाहेर पडणार कसं, आणि पोर बाहेर पडलं नाही तर गोष्ट पुढे सरकणार कशी, एवढीच या थोर मंडळींची अक्कल. आवाजबाई त्यांना मनातल्या मनात हसायची आणि आपलं काम चोख करायची.

पाणमांजराचा सिनेमा आला तेव्हाही तेच. दिग्दर्शक स्वतःला बालमनाचा जाणकार समजे. त्याला मूल नव्हतं. एक भाचा होता, आणि त्या भाच्याचं वय त्याला दर वेळी वेगळं आठवे.

प्रसंग असा होता. धरणाचं दार उघडतं, पाण्याचा लोंढा येतो, आई पिल्लाला खडकावर ढकलते आणि स्वतः वाहून जाते. जाताना ओरडते, "पिल्ला, घट्ट धरून बस! माझ्याकडे बघू नकोस!" मग पाण्याचा आवाज. मग काहीच नाही. त्यानंतर चाळीस सेकंदांनी एक बेडूक येऊन नाचायला लागतो.

"छान," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "पण अजून आतून येऊ दे. बघणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे."

"बघणारी चार वर्षांची पोरं आहेत ना?"

"मुलांना कुठे काय कळतं हो? आणि कळलं तरी ती विसरतात."

कळत नाही तर काळीज कशाला हलवायचं, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण असल्या माणसाशी डोकं कोण लावणार? तिने हेडफोन सारखा केला आणि ओरडली. अकरा वेळा ओरडली. अकराव्या वेळेला दिग्दर्शक खूश झाला, तर तीच म्हणाली, "थांबा, अजून एकदा घेते." आवाज हवा तिथे फाटला नव्हता. बाराव्या वेळी फाटला. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि तो उगाचच वायरी गुंडाळत बसला. आवाजबाई घरी आली ती खुशीत.

पहिला खेळ कलाकारांच्या घरच्यांसाठी होता, रविवारी सकाळी. आवाजबाईने मुलीला नेलं. चार वर्षांच्या त्या मुलीला घरात ठमी म्हणत. सासूबाईही आल्या. पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दोन ते ब्याण्णव, सगळ्यांसाठी'. ब्याण्णव वर्षांच्या माणसाला बेडकाचा नाच कशाला बघायचाय, देव जाणे.

"हिला घाबरायला नाही ना होणार?" आवाजबाईने आत जाताना विचारलं.

"चित्रंच तर आहेत," सासूबाई म्हणाल्या. "चित्राला कोण घाबरतं?" ठमीला प्रत्येक घास त्या कार्टूनसमोर बसवूनच भरवत. त्यांना वेगळं काय वाटणार?

ठमी आईच्या मांडीवर बसली होती. लोंढा आला. हॉलच्या चारी भिंतींतून आवाजबाईचा आवाज फुटला. ठमीने गर्रकन मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड बंद होतं. आवाज येतच होता. तिने हात वर करून तळवा आईच्या ओठांवर ठेवला. पडद्यावर पाणी सगळ्यावरून गेलं आणि आवाज थांबला.

"आई, तू गेलीस," ठमी म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं.

आजूबाजूची पोरं मात्र रडत होती. मोठी माणसं त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. पुढच्या रांगेतल्या एका बापाने तर हुंदके देणाऱ्या मुलाचा व्हिडिओ घेतला. काय गोड रडतोय! मग बेडूक आला आणि सगळ्या हॉलने टाळ्यांचा ठेका धरला. आवाजबाई ठमीला उचलून बाहेर पडली. दाराशी दिग्दर्शक उभा होता. "बघितलंत? एक डोळा कोरडा नाही," तो म्हणाला.

त्या दिवसापासून ठमी आईला नजरेआड होऊ देईना. आई आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "बोल." आईने बोलत राहायचं. साबण लावताना, केस धुताना, काहीबाही. दोन क्षण थांबली की दारावर थापा. फोनवर आईचा आवाज आला की फोन फेकून द्यायची. आई कामावरून घरी आली की आधी तिच्या तोंडाला हात लावून बघायची. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, "हल्ली ती नळाखाली हात धुवायला नाही म्हणते."

ठमी काही एकटी नव्हती. इतर पालकांच्याही तक्रारी गेल्या, तेव्हा निर्मात्यांनी सभा बोलावली. एक समुपदेशक भाड्याने आणला. गृहस्थांनी लेसरच्या लाल ठिपक्याने पडद्यावरचे आलेख दाखवले आणि सांगितलं, "लहानपणीच दुःखाची छोटीशी लस टोचली की मूल कणखर होतं."

आवाजबाई उठली. "लस टोचताना मुलाला धरून ठेवायला आई लागते. तुम्ही मुलाकडून तीच काढून घेता, आणि मग करमणूक म्हणून बेडूक पाठवता. तुमच्यापैकी किती जणांनी चार वर्षांच्या पोराला शेजारी बसवून हा सिनेमा अख्खा पाहिलाय?"

मंचावर कुणी हात वर केला नाही. दिग्दर्शकाने पाण्याची बाटली उघडली आणि तो बराच वेळ पाणी पीत राहिला.

मग मागून एक बाप म्हणाला, "बाई, पण ओरडलात तर तुम्हीच ना? तेही जीव तोडून."

आवाजबाईचे कान तापले.

"हो, मीच," ती म्हणाली. "मला फार छान ओरडता येतं. अकराव्या वेळी पुरे झालं होतं, तरी मी बारावं मागून घेतलं. कौतुकाची हाव, दुसरं काय? यांच्या पंक्तीला मीही जेवलेय."

आणि ती खाली बसली. समुपदेशकाने घाईघाईने पुढचा आलेख लावला.

सभेतून निघालं एवढंच, की पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं गेलं, 'पालकांसोबत पाहावा'. जणू ठमी तिथे एकटीच गेली होती. सिनेमा अकरा आठवडे चालला.

घरी सासूबाईंनी काही न बोलता जेवताना टीव्ही लावणं बंद केलं. पहिले दोन दिवस ठमीने ताट ढकलून दिलं, तिसऱ्या दिवशी भूक लागली तशी जेवली. दुपारी त्या तिला घेऊन दारासमोर बसत आणि तिच्या बाबाच्या लहानपणीच्या खोड्या सांगत. कुणी मरत नसे, फार तर कुणाची चड्डी झाडाला अडकून फाटे. आठेक महिन्यांनी एका सकाळी आवाजबाई आंघोळ करत बडबडत होती, आणि बाहेरून ठमी ओरडली, "आई, गप्प बस ना! मी मोजतेय!" ती कपड्यांचे चिमटे मोजत होती. आवाजबाई आत भिंतीला टेकून खूप रडली, पण आवाज न करता.

त्यानंतर दिग्दर्शकाचा फोन आला. "दुसरा भाग करतोय. खास तुमच्यासाठी बातमी. आई जिवंत सापडते! लोकांची मागणीच आहे तशी."

"म्हणजे आता पोरांना सांगणार, की गेलेली आई परत येते?"

"सुखान्त आहे हो!"

"आणि ज्यांची येत नाही, त्या पोरांनी तुमच्या सुखान्ताचं काय करायचं?"

"तुम्ही फारच मनाला लावून घेता बुवा. कार्टून आहे ते."

तिने फोन ठेवला. दुसऱ्या भागाला दुसरीच कुणीतरी आवाज द्यायला गेली. आवाजबाईचं काम निम्म्यावर आलं. कासवं आणि किटल्या तेवढ्या उरल्या. एका चित्रापायी बाई बिथरली, असं स्टुडिओत तिच्या पाठीमागे बोलतात. ते तिच्या कानावर येतं. उत्तर देण्याच्या लायकीचं तिला ते वाटत नाही. ती हेडफोन चढवते आणि किटलीचं वाक्य म्हणते.