दोन वर्षं बंद असलेला खड्डा

घरामागे शौचालयाचे तीन खड्डे होते. एक भरला की राख टाकून झाकण लावायचं, झाकणावर तारीख रंगवायची आणि पुरती दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. तेवढ्या काळात घाणीची माती होते, तिच्यातले जंत मरतात. मगच ते खत गाजराच्या वाफ्यात जाई. गाजरं अशी गोड, की सासरे रोज किसून खात. चावून नाही, त्यांची चांगली कवळी एका शिंकेसरशी शौचालयात पडली होती आणि नवी कधी नीट बसलीच नाही.

त्या सकाळी सातवा महिना लागलेल्या सुनेनं एक गाजर उपटलं, ओढणीला पुसलं आणि कडाकडा खाल्लं. तेवढ्यात तिचा नवरा सासूबाईंना म्हणाला, "आई, झाकणं कशी लख्ख दिसतायत! मागच्या महिन्यात बंद खड्ड्यांची दोन्ही काढून घासली मी."

सासूबाईंची चाळण हातातच थांबली. "आणि कुठलं कुठं लावलंस?"

"सारखीच तर आहेत."

"तारखा सारख्या आहेत का रे, शहाण्या?"

एक खड्डा दोन वर्षांपूर्वी बंद केलेला, दुसरा सहा महिन्यांपूर्वी. काल झाकणावरची तारीख वाचून सासूबाईंनी एक उघडला होता आणि खत वाफ्यात पसरलं होतं. दिसायला माती, वासही मातीचा. पण राख मिसळली की कच्चं खतही तसंच दिसतं.

सुनेचा चेहरा उतरला. "आई, बाळाला काही होणार नाही ना?"

"थांब. खड्डा कुठला ते आधी बघू, मग घाबरू."

उरलेला ढीग वाफ्याशेजारीच होता. सासूबाई एकेक घमेलं चाळू लागल्या. पाचव्या घमेल्याला चाळणीत काहीतरी खडखडलं. गुलाबी हिरडी आणि ओळीनं दात!

सासूबाईंनी चाळण वर उचलून धरली. "अहो, बाहेर या! तुमची बत्तीशी हसतेय इथे!"

सासरे धावत आले. "सापडली? तीन वर्षं झाली की गं!"

"म्हणजे हा जुनाच खड्डा," मुलगा म्हणाला. "तेव्हा हाच वापरात होता. झाकणं बरोबर लावली होती मी!"

"नशिबानं!" सासूबाई म्हणाल्या.

सून डोळे पुसत हसायला लागली. सासऱ्यांनी हळूच हात पुढे केला. "उकळून घेतली तर?"

"खबरदार!" तिघंही एकदम ओरडले.

दुसरं गाजर सुनेनं नळाखाली तीनदा धुतलं. मुलानं मात्र ब्रश घेतला आणि तारखा झाकणांवरून पुसून खड्ड्यांच्या काठांवर रंगवल्या.