पट्ट्यासकट एडका

व्यापाऱ्याने एडक्याचा जबडा उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, कमरेच्या हाडावर अंगठा दाबला आणि मग त्याचा हात मानेपाशी येऊन थांबला. तो तिथेच राहिला. साखराबाई ते पाहत होती. खरेदी करणारा माणूस मानेला हात लावतो, पण तिथे रेंगाळत नाही. मांस पाठीवर असतं.

"किती म्हणता, मावशी?"

"शंभर."

"शंभराला आज दीड एडका यायलाय."

"मग अर्धा तुमीच कापून घ्या. मला तसला हिशेब येत न्हाई."

बाजूला बसलेले दोघे-तिघे हसले. गेवराईच्या बाजारात त्या दिवशी माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती. पाऊस पोळ्याआधीच निघून गेला होता, संक्रांतीपर्यंत माळावरचं गवत मुळासकट संपलं होतं, आणि ज्याला त्याला एकाच वेळी आपला कळप हलका करायचा होता. दोन हंगामांमागे दीडशेला विकलेली मेंढी त्या महिन्यात साठ-सत्तरला जात होती. साखराबाईच्या वस्तीवरच्या मेंढपाळांच्या सहकारी संस्थेने गोदाकाठून चाऱ्याचा ट्रक आणायचं ठरवलं होतं, पण ज्याने पैसे आधी भरले त्यालाच चारा मिळणार होता. तेवढ्यासाठी ती हा एडका घेऊन आली होती. तो गेला की पुढच्या ट्रकाला दुसरा, त्याच्या पुढच्या ट्रकाला तिसरा. पाऊस येईपर्यंत मेंढरांच्या वाड्यात नुसती काठी उरेल, हे तिला दिसत होतं.

"एकशे दहा देतो," व्यापारी म्हणाला. "पट्ट्यासकट."

साखराबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांत मागितल्यापेक्षा जास्त देणारा व्यापारी तिने पाहिला नव्हता.

"पट्टा न्हाई मिळायचा. जनावर इकलं तरी दावं-पट्टा घरीच ठेवत्यात. त्याच्यासंगं बरकत जाती. तुमाला एवढं ठाऊक न्हाई?"

"एकशे तीस घ्या."

"अन् बिगर पट्ट्याचा?"

"बिगर पट्ट्याचा सत्तर," तो म्हणून गेला, आणि मग उगाच खोकला.

साखराबाईने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "म्हंजी एडका सत्तरचा, अन् लोकरीचा गोफ साठचा."

"तसं न्हवं, मावशी. मला तो गोफ आवडलाय म्हणून—"

"मला बी आवडला आता," ती म्हणाली आणि एडक्याचं शिंग धरून उठली.

गोफ काळ्या लोकरीचा होता आणि त्यात सात रुपये ओवलेले होते. निजामाचे, चार मिनारांचे. लोकरीच्या तेलाने आणि धुळीने ते इतके काळे झाले होते की मिनार बोटाला लागत, डोळ्याला दिसत नसत.

तो रुपया सरकारने बंद केला, लोक कचेरीत जाऊन बदलून घेऊ लागले, तेव्हा साखराबाईचा नवरा धुळाजी मेंढरं घेऊन दूर परभणीच्या अंगाला गेलेला होता. वर्षाने परत आला तेव्हा त्याला हे कळलं. बापाने साठवलेली रुपयांची थैली काखेत मारून तो दोन दिवस चालत कचेरीत गेला आणि तशीच भरलेली थैली घेऊन परत आला. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर रुपया ठेवून, खिळ्याने भोक पाडून, त्याने ते सगळे गोफांत ओवले आणि जनावरांच्या गळ्यात बांधले. एडक्यांच्या, बोकडांच्या, म्हाताऱ्या मेंढ्यांच्या, दोन कुत्र्यांच्यासुद्धा. "मेलेला रुपया हितंच शोभतोय," एवढंच तो बोलला. साखराबाईने एकदा विचारून पाहिलं होतं. तो काठी उचलून माळावर निघून गेला होता आणि त्या रात्री जेवला नव्हता. या गोष्टीला वीस वर्षं झाली होती; जनावरं बदलली, गोफ तेवढे नव्या गळ्यांत जात राहिले. रुपयाची किंमत त्याच्यावरच्या शिक्क्यात असते, सरकारने शिक्का नाकारला की खाली नुसता पत्रा उरतो, असं दोघांनीही धरून ठेवलं होतं.

उत्तरेश्वर सराफाचं दुकान बाजारापासून दूर नव्हतं. तिच्या माहेरच्या पाटल्या त्याच्या बापाने घडवल्या होत्या.

"मावशी, एडका बाहेर," तो गादीवरूनच ओरडला.

"त्याच्यासाठीच आलेय. त्याचा दागिना दावायचाय."

उत्तरेश्वर हसत पायरीवर आला, गोफ हातात घेतला आणि त्याचं हसू हळूहळू बंद झालं. त्याने एक रुपया सोडवला, राखेने घासला, कसोटीच्या दगडावर ओढला, तेजाब लावून ती रेघ उजेडाकडे धरली.

"सोळा आण्यांत तेरा आणे चांदी. तीन आणे तांबं."

"पर हा तर बंद झाला की."

"रुपया बंद झाला, मावशी. चांदी कशी बंद होईल? तिला कुणाचा शिक्का लागत न्हाई." त्याने तागडीत सातही रुपये टाकले. "अन् आज किलोचा भाव अडीच हजाराच्या वर गेलाय. रोज सकाळी मुंबईहून येतो त्यो कालच्यापेक्षा जास्तच. आटणी, घट सगळं जाऊन नगाला इस रुपये देतो."

साखराबाई पायरीवर बसली. एडका तिच्या खांद्याला डोकं घासत उभा राहिला.

"एका रुपयाला इस रुपये?"

"इस."

"अन् मुंबईला भाव कोण सांगतं?"

"लंडन. अन् तिकडं अमेरिकेत कुणीतरी बडे लोक चांदी घेऊन घेऊन साठवाय लागलेत म्हणं. माल कमी, घेणारे लई. म्हणून चढतीय."

"अन् ते साठवायचे थांबले की?"

उत्तरेश्वरने चिमटा खाली ठेवला. "मग उतरंल."

"कवा थांबतील?"

"ते मला कळलं असतं तर मी हितं कशाला बसलो असतो, मावशी?"

"आज तुमाला दिले अन् उद्या माघारी घ्यायला आले, तर इसलाच द्याल का?"

"बाविसाला."

"का?"

"माझा घ्यायचा भाव येगळा, द्यायचा येगळा. त्या दोन रुपयांवर तर माझं घर चालतंय." तो पुन्हा हसला. "तुमचा एवढा एकच गोफ हाय का आणखी?"

"अठरा हायत. दोन कुत्र्यांच्या गळ्यात."

उत्तरेश्वर सराफ इतका मोठ्याने हसला की शेजारच्या कापडवाल्याने मान बाहेर काढली.

संध्याकाळी साखराबाई एडका घेऊनच परत आली, तेव्हा धुळाजी वाड्याचं काट्यांचं कुंपण सारखं करत होता. त्याने एडक्याकडे पाहिलं, मग त्याच्या उघड्या मानेकडे पाहिलं.

"पट्टा?"

तिने कमरेची पिशवी सोडून नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. मग सांगितलं. सांगताना ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. सगळं सांगून झाल्यावर त्याने नोटा तिला परत दिल्या, कमरेचा विळा काढला आणि एकेका जनावराच्या गळ्यातला गोफ कापत कळपातून फिरला. कुत्री मात्र पट्टे देईनात. काळं कुत्रं त्याला वाड्याभोवती तीनदा पळवून आलं आणि साखराबाईला पदर तोंडावर धरावा लागला.

पुढच्या बाजारी तिने उरलेले सगळे रुपये उत्तरेश्वरकडे नेले. भाव आणखी चढला होता. वस्तीवरच्या बायका तिला वेडी म्हणाल्या. थांबायचं होतं, तीन हजार होणार म्हणतात, पाच होणार म्हणतात.

"माझी मेंढरं पावसापतूर जगायची होती," ती म्हणाली. "तेवढं झालं. वरचं ज्याचं त्याला."

पण वस्तीने त्या गोष्टीचा वेगळाच अर्थ काढला. एका माणसाने वीस वर्षं आधी ओळखलं, की चांदी चढणार. घरात ठेवली तर चोर नेईल, म्हणून मेंढरांच्या गळ्यात बांधली, जिथे कुणाची नजर जाणार नाही. शेजारची छबुबाई पाणी न्यायला आली तेव्हा तिने सरळच विचारलं.

"खरंय का गं? धुळाजीभावजींना आधीच ठाऊक होतं?"

साखराबाईने वाड्याकडे पाहिलं. धुळाजी कुंपणावर वाकलेला होता, पण हात थांबले होते.

"मग," ती म्हणाली. "पट्टा कुणाला देऊ नको, हे कोण सांगायचं मला? तेच की."

त्या दिवसापासून धुळाजीची मान सरळ झाली. पारावर त्याला आता बसायला जागा करून देत. कुणी बायकोचं कडं घेऊन येई, कुणी आजीची सरी. तो हातात घेऊन वजन करी, एक डोळा मिटे आणि "हूं" म्हणे. त्या "हूं"चा अर्थ लावत माणसं घरी जात. साखराबाईला मजा वाटत होती. इतक्या वर्षांत तिने त्याला पटका झटकून बांधताना पाहिलं नव्हतं. आता तो आरसा मागत होता.

मग एका सकाळी संस्थेचा चेअरमन राधाकिशन आला. मागोमाग तीस-चाळीस माणसं आली आणि धुळाजीच्या दारातल्या बाभळीखाली बसली. साखराबाईने चुलीवर मोठं भगुणं ठेवलं.

"धुळाजीबाबा, सरळच इचारतो," राधाकिशन म्हणाला. "चाऱ्याचे सगळ्यांचे पैसे जमा झालेत. ट्रक उद्या सांगायचा. पर मी म्हणतो, पंधरा दिस दम धरू. ह्या पैशाची चांदी घेऊ. पंधरवड्यात दीडपट झाली तर एका ट्रकाच्या जागी दीड ट्रक येईल. तवर बाभळीच्या शेंगांवर भागवू. तुमचं काय मत हाय? तुमी हो म्हणालात तर आजच जातो गेवराईला."

साखराबाईचा हात चहाच्या डब्यात तसाच राहिला. चांदी पुढे दोनच महिन्यांत कोसळली, पण त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. तिला फक्त एवढं ठाऊक होतं, की उत्तरेश्वरलासुद्धा ठाऊक नव्हतं. आणि पंधरा दिवस शेंगांवर काढले तर कोकरांतली निम्मी जाणार. तिने बाहेर जाऊन एक वाक्य म्हटलं असतं की भागलं असतं: ह्यांना काय कळतंय चांदीतलं? पण ते वाक्य तिला चाळीस माणसांसमोर बोलावं लागणार होतं. पटका बांधून ताठ बसलेल्या त्या माणसाची पाठ तिला दारातून दिसत होती. ती उठली, उंबऱ्यापर्यंत आली.

धुळाजीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिने काहीच केलं नाही. मानही हलवली नाही.

तो पुढे वळला.

"राधाकिशन," तो म्हणाला, "मला चांदीतलं काय बी कळत न्हाई बे."

कुणीतरी हसलं. ही थट्टा आहे असं त्यांना वाटलं.

"खरं सांगतो. तो रुपया चांदीचा हाय, ह्येच मला ठाऊक न्हवतं. कचेरीत गेलतो, त्यांनी घेतला न्हाई. लई राग आला. घरी येऊन कुत्र्याच्या गळ्यात बांधला. शाना असतो तर कुत्र्याच्या गळ्यात बांधला असता का?"

मग मागच्या बाजूने म्हातारा म्हाळू खुदकन हसला, आणि मग सगळेच. राधाकिशनने टोपी काढून मांडीवर आपटली. धुळाजी आधी गोंधळला, मग तोही हसू लागला. इतका हसला की पटका सैल होऊन कानावर आला.

"मग मी तिकडं कुठं निघालतो!" राधाकिशन डोळे पुसत म्हणाला. "ट्रक सांगा रे. आजच सांगा."

चारपाच जण उठले. बाकीचे जागचे हलले नाहीत.

"पर बाबा," म्हाळू पुढे सरकत म्हणाला, "कचेरीत झालं तरी काय?"

साखराबाईने भगुणं उतरवलं. चहा गाळायचा होता, तो तसाच ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

धुळाजीने पटका सोडून मांडीवर घेतला. मग तो उठला, हात मागे बांधून, पोट पुढे काढून, कचेरीतल्या साहेबासारखा चालून दाखवू लागला.

"सायेब म्हणला, 'सगळ्या मुलखात दवंडी पिटली. वर्षभर पिटली. तू एवढा वेळ होतास तरी कुठं?'"

"मग? तुमी काय म्हणलात?"

"मी काय म्हणणार?" धुळाजी म्हणाला. "म्हणलो, मेंढरामागं."

बाभळीखाली बसलेल्या चाळीस माणसांत असा एकही नव्हता, ज्याने त्याच्या जागी दुसरं काही सांगितलं असतं. हसण्याचा आवाज ऐकून वाड्यातली मेंढरं बावरून उभी राहिली. साखराबाई दारात उभी राहून हसत होती, आणि हसताहसताच म्हणाली, "परत एकदा चालून दावा की, अवो. मला हितून नीट दिसलं न्हाई."