टिंब नसलेली पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे, मित्रांनो. दारावर घराचं आडनाव मिरवायचं, एवढंच माझं काम. पण मला घडवणारा कारागीर मोठा घाईचा! आडनावातल्या एका अक्षरावरचं टिंब कोरायचंच विसरला. तेव्हाचे मालक हसून म्हणाले, "असू दे, ओळखणारे ओळखतील." झालं! या घरातली पुढची पोरंसोरं माझ्याकडे बघूनच आडनाव लिहायला शिकली, बिनटिंबाचं.

समोरच्या घराचं आडनाव तेच, पण त्यांच्या पाटीवर मात्र टिंब होतं. तिथले अण्णा व्याकरणाचे मास्तर, आमचे आप्पा कुलपं दुरुस्त करणारे. दोघं एकाच खापरपणजोबांचे वंशज म्हणवत आणि जन्मभर भांडत.

"तुमचं आडनावच खोटं," अण्णा म्हणत.

"तुमचं टिंब काय चाटायचंय!" म्हणत आप्पा मला राख-लिंबानं घासून लखलखीत करत. मीही फुगून बसे, खोटं कशाला सांगू?

मग आप्पांच्या नातीनं डीएनए तपासणीचं काढलं. बापाकडून मुलाकडे उतरणारी एक खूण असते म्हणे. ती दोघांत सारखी निघाली की मूळ पुरुष एकच. दोघा म्हाताऱ्यांनी इरेला पेटून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली.

त्यानंतर आप्पांनी मला पुसणं सोडलं. येता-जाता नुसते बघत राहायचे. माझ्यावर काळे डाग चढले. मला धडकीच भरली होती. खूण जुळली नाही, तर मी कुणाची पाटी?

निकाल नातीच्या फोनवर आला. उंबऱ्यातच ती हळूच म्हणाली, "आप्पा, जुळत नाही हो. तुमचा नि अण्णांचा मूळ पुरुष एक नाही."

"म्हणजे आम्हीच बाहेरचे."

"बाहेरचं कोण, ते यातून कळत नाही, आप्पा."

पण आप्पा ऐकतात थोडेच! ते आतून पेचकस घेऊन आले. एक स्क्रू निघाला. दुसरा निघून खाली पडला. मी एका बाजूला कलले. जन्मभर कुलपं उघडणारा तो हात तिसऱ्या स्क्रूकडे वळला.

तेवढ्यात अण्णा रस्ता ओलांडून आले, पायांत दोन वेगळ्या चपला. निकाल त्यांनाही कळला होता. तोंड पार उतरलेलं.

"पाटी का काढतोस?"

"परक्याचं नाव कशाला मिरवू?"

"आणि परका मी असलो तर?" अण्णांचा आवाज चिरकला. "गाढवा, जन्मभर माझ्याशी भाऊबंदकी केलीस. परक्याशी करतात होय भाऊबंदकी? शब्द तरी नीट बघ!"

आप्पा डोळे पुसत म्हणाले, "व्याकरण शिकवू नकोस. तो पडलेला स्क्रू दे इकडे."

गुडघे धरत, कण्हत, अण्णांनी तो उचलून दिला.

मित्रांनो, तुमच्याही दारावर एखादी पाटी असेल. तिला अधूनमधून फडकं मारत जा. आपण कुणाच्या रक्ताच्या, ते आम्हाला ठाऊक नसतं. आपल्याला कोण पुसतं, ते मात्र पक्कं ठाऊक असतं.

हल्ली अण्णाही येतात मला पुसायला. त्या एका अक्षरावर आले की बोट जरा जास्तच जोरानं घासतात. म्हणतात, उमटेल एखाद दिवशी.