दोन बोटं सूर्य

मंजुळाबाईंनी ग्रहणाची रंगीत तालीम तीस एप्रिलला ठेवली, तेव्हा महेंद्ररावांनी एवढंच विचारलं, "ग्रहणाला कळवलंय का?"

ग्रहण होतं बारा ऑगस्टला. खग्रास, आणि तेही स्पेनजवळच्या मायोर्का बेटावर. हॉटेल, विमानाची तिकिटं, व्हिसाची तारीख, सगळं मार्गी लागलं होतं. दुसरं कुणी असतं तर आता बॅगा भरायला लागलं असतं. पण बाईंनी चौतीस वर्षं कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवला होता. बारा ऑगस्टला सूर्य ज्या वाटेने मावळतो, जवळपास त्याच वाटेने तो एप्रिलच्या शेवटालाही मावळतो, हे त्यांनी नवऱ्याला ताट आणि लिंबू घेऊन समजावलं. महेंद्रराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पत्ता बरोबर असला की त्यांची कशाला हरकत नसे. त्यांनी मान डोलावली आणि लिंबाचं सरबत करून टाकलं.

एवढी हौस कुठून आली, तर वडिलांकडून. १९८०च्या ग्रहणात भरदुपारी अख्खी गल्ली दारं लावून बसली होती. बाईंचे वडील दगडूदादा मात्र काचेला काजळी धरून चाळीतल्या सगळ्या पोरांना घेऊन गॅलरीत उभे राहिले. (काजळीची काच धोक्याची असते, हे बाई पुढे वर्गात दरवर्षी बजावत आल्या.) तेव्हा सूर्याची कोर उरली होती. "पूर्ण झाकलेला बघायचाय एकदा, मंजू," ते म्हणाले. २००९ला बाई त्यांना घेऊन सुरतेला गेल्या. तिथे अंधार पडला, कावळे ओरडले, पण ढगांनी सूर्य काही दाखवला नाही. परत येताना दादांनी विचारलं, "पुढचं कधी?" तीन वर्षांनी ते गेले. ते 'पुढचं' तेव्हापासून बाईंच्या अंगावर होतं.

तर तीस एप्रिलला संध्याकाळी तिघं डोंबिवलीच्या मोठागाव खाडीवर आली. तिसरी म्हणजे लेक पायल. ठाण्यात नोकरीला होती, हाफ डे टाकून आली होती. प्रवासाचं सगळं बुकिंग तिनेच केलं होतं, आणि आईच्या तालमीची तिला गंमत वाटत होती. सोबत ग्रहणाचे चष्मे, घडीचं स्टूल, पाणी आणि डबाभर चिवडा.

"आई, यार, मायोर्काला चिवडा?"

"ग्रहण दीड मिनिटाचं असलं तरी जागा तीन तास आधी धरावी लागते. तेवढा वेळ काय खाशील, वारा?"

बाईंनी उजवा हात लांब केला, दोन बोटं आडवी धरली आणि क्षितिजावर टेकवली. ग्रहणाच्या वेळी बेटावर सूर्य एवढाच वर असणार होता, जेमतेम दोन बोटं. त्यामुळे पश्चिमेला कशाची आडकाठी चालणार नव्हती. इथे सूर्य हळूहळू उतरत बोटांना टेकला. बाई खूश झाल्या. मग दीड बोट उरलं असतानाच तो पलीकडच्या टॉवरांमागे आणि येऊरच्या डोंगरामागे गेला, तो गेलाच. कॅलेंडरातल्या सूर्यास्ताला अजून आठ मिनिटं बाकी होती.

"बघा," बाई म्हणाल्या, "डोंगर असता तर आपलं काही खरं नव्हतं. तिकडे कसं, समोर समुद्र."

महेंद्ररावांनी चिवड्यातले शेंगदाणे निवडता निवडता विचारलं, "पण तिकडे समुद्र कुठल्या बाजूला आहे?"

"अहो, समुद्र कुठे असणार? पश्चिमे..."

बाईंनी हात खाली घेतला. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, ही व्याख्या त्यांनी चौतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती. चुकली तर पाच वेळा लिहायला लावली होती. पण ठाणे जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचा समुद्र पश्चिमेलाच असतो. दादर घ्या, अर्नाळा घ्या, सहलीला अलिबाग घ्या. समुद्र म्हटला की त्यात सूर्य बुडणारच. हॉटेलच्या जाहिरातीत खिडकी, समुद्र आणि त्यावर तांबडा गोळा दिसला, आणि माय-लेकींनी डोळे मिटून खोली ठरवली.

पायलने फोनवर नकाशा उघडला. तिचा चेहरा उतरला. "आई, ईस्ट कोस्ट आहे. तो फोटो सनराइजचा आहे. मी बघितलंच नाही गं, बुक करून मोकळी झालेली. पाठीमागे सगळे डोंगर आहेत."

"पश्चिमेला दुसरं हॉटेल?"

"वर्षापूर्वीच फुल झालंय सगळं. गाड्यासुद्धा मिळत नाहीयेत."

बाईंना स्वतःचा असा राग आला होता की घरी येऊन त्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून जेवण केलं. सुरतेला ढग होते, त्याला कुणाचा इलाज नव्हता. ही चूक मात्र त्यांची होती, त्यांच्याच विषयातली.

सकाळी महेंद्रराव उठले तर बाई जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेल्या. पायलकडून समोच्च रेषांचा नकाशा छापून घेतला होता. पट्टी, निळी पेन्सिल, कोनमापक. दुपारपर्यंत त्यांनी हॉटेलपासून चालत जाण्याजोगी एक टेकडी शोधली. तिथून वायव्येच्या अंगाला डोंगररांगेत एक खिंड दिसत होती, आणि हिशेबाने सूर्य नेमका त्या खिंडीत यायला हवा होता. पण नकाशात झाडं दिसत नाहीत, कुणाची नवी इमारत दिसत नाही. कुणीतरी तिथे उभं राहून बघायला हवं होतं, आणि तेही याच आठवड्यात. त्यानंतर सूर्य उत्तरेला सरकला की परत त्या जागी थेट ऑगस्टमध्येच.

"त्या गावात शाळा असेल की," महेंद्रराव म्हणाले. "शाळा आली म्हणजे भूगोलाचा मास्तर आलाच. लिही त्याला."

बाईंनी मेल लिहिला. मी निवृत्त भूगोल शिक्षिका, माझी अशी अशी चूक झाली, समुद्र पश्चिमेला धरला. आपण एका संध्याकाळी त्या टेकडीवर जाऊन हात लांब करून दोन बोटं धराल का? पायलने फोनवर त्याचं स्पॅनिश करून शाळेच्या पत्त्यावर धाडलं. पुढचे चार दिवस बाईंनी फोन उशाशी, ओट्यावर आणि एकदा तर पिठाच्या डब्यावर ठेवून वाट पाहिली.

पाचव्या दिवशी कातालिना नावाच्या शिक्षिकेचं उत्तर आलं. सोबत फोटो. टेकडीवर वीस-एकवीस पोरं पाठमोरी उभी, सगळ्यांचे हात समोर ताणलेले, प्रत्येकाची दोन बोटं आडवी, आणि खिंडीत मधोमध सूर्य. खाली लिहिलं होतं: दोन बोटं, सगळं मोकळं. बारा तारखेला आम्हीही येऊ, तुमची जागा धरून ठेवतो.

बाईंनी फोटो मोठा करून एकेक बोट बघितलं. "मास्तरीण झकास आहे," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून हसायला लागल्या. महेंद्ररावांनी न सांगता चहा टाकला.

मेलच्या शेवटी एक प्रश्न होता. मुलं विचारतात, तुमच्याकडे ग्रहणात लोक काय करतात?

बाईंनी लिहिलं: काही लोक जेवत नाहीत, नंतर अंघोळ करतात. मग वाचून खोडलं. वर्गातही त्या दरवर्षी एवढंच सांगत आल्या होत्या. या वेळी मात्र त्या एका दमात लिहीत गेल्या.

"ग्रहण लागलं की माझी आजी टोपली घेऊन गावभर फिरायची. 'दे दान, सुटे गिराण' असं ओरडायची. आमच्या जातीच्या माणसांनी ते मागायचं अशी रीत होती. सूर्य सुटावा म्हणून लोक तिच्या टोपलीत जुनेर आणि धान्य टाकायचे, लांबून, शिवायचे नाहीत. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा माझ्या वडिलांनी ती टोपली चुलीत घातली. तेव्हापासून आमच्या घरात ग्रहणाला मागायला जात नाहीत, बघायला जातात."

पायल स्पॅनिश करायला बसली आणि वाचता वाचता थांबली. "आई, हे तू कधी सांगितलेलं नाहीस मला."

"तू विचारलं नाहीस. त्या पोरांनी विचारलं."

पायलने खाली बघून दोन ओळी टाइप केल्या. मग म्हणाली, "नाव काय होतं तिचं?"

"रमाबाई."

"घालू?"

"घाल," बाई म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत घाल."