डोंगररस्त्यासाठी नव्याने बांधलेला मी

मित्रांनो, एखादी वेगवान गाडी सुसाट निघून गेली की तुम्ही तिचा रंग पाहता, तिची रुंद चाके पाहता, इंजिनाचा आवाज ऐकून "वा!" म्हणता. माझ्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, कारण मी असतो गाडीच्या पोटात, इंजिनाच्या मागे, अंधारात आणि तेलात. मी अशाच एका गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. वय वर्षे सतरा. चालवणाऱ्याला क्लच दाबावा लागू नये, हाताने गिअर बदलावा लागू नये, म्हणून ते सगळे काम मी मुकाट्याने करतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणही आत येऊ देत नसत. माझे ड्रम, शाफ्ट, दातेरी चाके आणि एकमेकींना घट्ट धरून जोर पुढे देणाऱ्या पातळ क्लच प्लेटा एकावर एक बसवल्या गेल्या, अंगात लालभडक ऑइल भरले गेले आणि मी कामाला लागलो. पहिली काही वर्षे एका शांत गृहस्थांकडे आरामात गेली. मग आम्हाला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विकत घेतले.

डॉक्टरीणबाईंचा गाडीवर भारी जीव. सोमवार ते शनिवार त्या गाडीने दवाखान्यात जात आणि वर्षातून एकदा डोंगररस्त्याच्या शर्यतीत उतरत. या शर्यतीत गाड्या एकेक करून वळणावळणांचा चढ चढतात आणि प्रत्येकीची वेळ मोजली जाते. शर्यतीसाठी त्यांनी इंजिनाची ताकद वाढवून घेतली. इंजिन पहिलवान झाले आणि मी मात्र होतो तेवढाच राहिलो. तरी मी ओढत होतो. तिसऱ्या गिअरला माझ्या प्लेटा घसरू लागल्या, इंजिन नुसते ओरडायचे आणि गाडी जागच्या जागी रेंगाळायची. बाईंना वाटे, थंडीमुळे होत असेल. शेवटी एका चढावर आतून करपल्याचा वास आला आणि मी हात टेकले. ज्या गाडीकडे लोक वळून वळून पाहत, ती दुसऱ्या गाडीच्या दोराला बांधून आणावी लागली.

मला दुरुस्तीच्या ज्या कारखान्यात आणले, तो होता बाप-लेकीचा. वडिलांना सगळे मोठे मिस्त्री म्हणत आणि मुलीला छोटे मिस्त्री. छोटे मिस्त्री तिशीच्या, केस कपड्याने घट्ट बांधलेल्या, बोलणे मोजके. मोठ्या मिस्त्रींनी चाळीस वर्षे गिअरबॉक्स उघडले होते. त्यांच्या उजव्या हाताला अलीकडे थोडी थरथर सुटली होती. ते तो हात बहुतेक वेळा पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवत आणि लेक ते पाहूनही न पाहिल्यासारखे करी.

मला उघडले तेव्हा आतून काळे ऑइल आले. पत्र्याच्या लांब टेबलावर माझा एकेक अवयव ओळीने मांडला गेला. तिसऱ्या गिअरच्या प्लेटा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारख्या झाल्या होत्या. ज्या ड्रममध्ये त्या बसत, त्याला केसाएवढी चीर गेली होती. इंजिनाकडून जोर घेणारा शाफ्ट किंचित पिळवटला होता.

डॉक्टरीणबाई आल्या त्या धाकट्या भावाला घेऊन. भावाच्या हातात चार पानांची यादी होती.

"सगळं इथे लिहिलंय," भाऊ म्हणाला. "प्रत्येक पार्ट सगळ्यात दणकट. नाहीतर हा जुना डबा भंगारात घाला आणि दुसरा बसवा."

भंगार! मित्रांनो, टेबलावर सुटा सुटा पडलेला असताना हा शब्द ऐकणे काय असते, हे मीच जाणे.

छोट्या मिस्त्रींनी यादी शांतपणे वाचली. "इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवणारा हा कन्व्हर्टर सरळ पट्टीवर पळणाऱ्या गाड्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वळणांवर तो तापेल. आणि या प्लेटा इतक्या झटक्याने पकडतात की दवाखान्यात पोचेपर्यंत मानेचा काटा ढिला होईल. डॉक्टर, एक दाढ किडली म्हणून तुम्ही पेशंटची सगळी बत्तीशी काढता का?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "नाही हो. पण कीड कुठवर गेलीय, ते नीट बघते."

"मग आम्हीही तेच करतोय. जे थकलंय ते बदलू, जिथे जोर येतो तिथे बळकट करू. चांगलं आहे त्याला हात लावायचा नाही."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "शर्यत तीन आठवड्यांवर आहे. पण यंदा पुन्हा चढावर थांबले, तर भाऊ म्हणतो तेच करीन."

निवड सुरू झाली. ड्रम नवा आला, आतून जास्त जाड. शाफ्ट आला तो चिवट पोलादाचा, पीळ सहन करणारा. ऑइल थंड ठेवण्यासाठी मोठा कूलर ठरला, कारण गिअरबॉक्सचा खरा वैरी म्हणजे ताप. माझी दातेरी चाके तपासून, धुऊन परत माझ्याच वाट्याला आली. त्यांना पाहून मला किती बरे वाटले!

वाद झाला तो प्लेटांवरून. मूळच्या सहा प्लेटांऐवजी छोट्या मिस्त्रींना सात हव्या होत्या. एक प्लेट जास्त म्हणजे पकड जास्त.

"जागा उरणार नाही," मोठे मिस्त्री म्हणाले. "प्लेटांना सुटायला जागा लागते. नाहीतर सतत घासत राहतील आणि पुन्हा जळतील."

"बाबा, मधल्या स्टीलच्या प्लेटा थोड्या पातळ घेऊ."

"पातळ प्लेट लवकर तापते."

"म्हणून तर कूलर मोठा घेतलाय!"

मोठ्या मिस्त्रींनी मोजायच्या पट्ट्या पुढे केल्या. "मोज. जागा बरोबर आली तर घाल. नाही आली तर हट्ट सोडायचा." मोजले तर जागा अंमळ कमीच भरली. लेकीचे तोंड उतरले. तेव्हा वडिलांनीच खणातून वरच्या जाड कडीऐवजी बसणारी एक पातळ कडी काढून दिली. पुन्हा मोजले आणि जागा बरोबर आली. कोण जिंकले, हे मला आजही सांगता येणार नाही.

नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. माझ्या आतली, दाबाचे ऑइल निसटू न देणारी रबरी सिले बसवण्याचे काम नेहमी मोठे मिस्त्री करत. त्या दिवशीही त्यांनीच केले. मग परीक्षेची वेळ आली. ऑइलच्या वाटेने दाबाची हवा सोडायची. प्लेटांचा संच, म्हणजे क्लच, नीट असेल तर आतून "थप्" असा भरीव आवाज येतो. पहिला क्लच बोलला, दुसराही बोलला. तिसऱ्यातून मात्र आवाज आला "फुस्स".

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात उभ्या. त्या दिवशी गाडी मिळायची होती आणि शर्यतीला चारच दिवस उरले होते.

"हे काय, अजून टेबलावरच?" त्यांचा आवाज चढला. "तुम्ही शब्द दिला होतात!"

"दिला होता, डॉक्टर. पण आवाज बरोबर नाही. असाच बसवून दिला तर तो पुन्हा जळेल." एवढे बोलून छोट्या मिस्त्रींनी मला पुन्हा उघडले. तिसऱ्या ड्रममध्ये सिलाची कड आत दुमडली होती. त्यांनी ती पाहिली आणि पटकन तळव्याखाली झाकली. "सीलच खराब आलं होतं वाटतं," त्या पुटपुटल्या.

मोठे मिस्त्री जवळ आले आणि त्यांनी लेकीचा हात बाजूला केला. "सील चांगलं होतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मी बसवलं, माझा हात हलला. चूक माझी आहे, बाई."

डॉक्टरीणबाईंचा राग कुठच्या कुठे गेला. त्याही हातांवर पोट असलेल्या. "कधीपासून होतंय हे?" त्यांनी हळूच विचारले.

"वर्ष झालं."

"कोणाला दाखवलंत?"

मोठ्या मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. बाईंनी पर्समधून कागद काढून त्यावर आपल्या ओळखीच्या डॉक्टरांचे नाव लिहिले आणि तो लेकीच्या हातात दिला. "यांना घेऊन जा. आणि माझ्या गाडीची घाई करू नका."

नवे सील छोट्या मिस्त्रींनी बसवले. बोटाने कड फिरवत, श्वास रोखून. मग वडिलांनी डोळे मिटून ड्रमवर तळवा ठेवला. "सोड हवा."

थप्!

"बसवायचं तू," ते म्हणाले, "ऐकायचं मी. अशी वाटणी करू." लेकीने त्यांच्या हातातले फडके घेतले आणि आपले हात पुसले.

शर्यतीच्या दिवशी मी तो चढ एका दमात चढलो. तिसऱ्या गिअरला पूर्ण जोर आला तेव्हा सातही प्लेटांनी एकजुटीने पकडले आणि गाडी पुढे झेपावली. आमचा नंबर चौथा आला. डॉक्टरीणबाई खाली उतरल्या आणि वाकून गाडीखाली पाहत म्हणाल्या, "शाब्बास रे!" सतरा वर्षांत मला थेट मिळालेली ती पहिली शाबासकी.

त्यानंतर मोठ्या मिस्त्रींना औषध सुरू झाले. थरथर पूर्ण गेली नाही, पण फडके सुटले. मी पुन्हा रोज दवाखान्याच्या वाटेवर असतो, सिग्नलपाशी थांबतो, हळूच निघतो. समाधानी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बोलता येत नाही. तो आधी नुसता हिसका देतो, मग थोडा घसरतो. तेव्हा गाण्याचा आवाज वाढवू नका. गाडी थांबवा आणि त्याचे ऑइल बघा. ते लाल असेल तर त्याच्या पाठीवर थाप मारा. काळे पडले असेल, तर त्याला अशा माणसाकडे न्या, जो आधी ऐकतो आणि मगच पाना उचलतो.