उरलेली दोन कडवी

"ते वाक्य पुन्हा वाच गं," त्सियाला म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

वकील खातुनाने पान मागे उलटलं. "अर्जदार तीन महिला नगरभवनासमोर उभ्या राहून स्तोत्र गात होत्या. हा जमाव शांततापूर्ण होता."

"गात होत्या, असंच लिहिलंय ना? ओरडत होत्या असं नाही?"

"गात होत्या, मावशी."

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाला एवढं लिहायला नऊ वर्षं लागली. त्सियाला बालवाडीत स्वयंपाकीण होती. बालवाडी बंद करायचं ठरलं, तेव्हा ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, लामारा नि एतेरी, नगरभवनासमोर जाऊन गायल्या. पहिलं कडवं झालं आणि पोलीस आले. विनापरवाना जमाव, घोषणाबाजी, असं कागदावर आलं. तिघींना पाच दिवस कोठडी. बालवाडी गेली ती गेलीच. तिथे आता टायरचं दुकान आहे.

आता जिंकलो, मेजवानी हवी, असं खातुना म्हणत होती. त्सियालाचं मन मेजवानीत नव्हतं. देवापुढे धरलेलं स्तोत्र अर्ध्यावर टाकलं, हेच तिला इतकी वर्षं सलत होतं. ते तिला तिथेच, भर उजेडात पुरं करायचं होतं.

पण आमच्या जॉर्जियात स्तोत्र एकट्याचं नसतं. वरचा सूर, मधला सूर आणि खर्ज, तिन्ही लागतात. एकटीनं म्हटलं तर ते भांडी घासताना गुणगुणणं. खर्ज एतेरीचा होता, आणि एतेरीला जाऊन तीन वर्षं झाली होती. उरली लामारा. तिचा मुलगा आता त्याच नगरभवनात नोकरीला.

लामाराने आधी गुडघेदुखीची सबब पुढे केली, मग बसलेल्या घशाची. त्सियालाने निकालाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"पोराची नोकरी हा कागद सांभाळणार आहे का?" लामारा म्हणाली.

"नाही सांभाळणार. रविवारी प्रार्थना सुटली की मी तिथे असेन. तू नाही आलीस तर मुकी उभी राहीन. रागावणार नाही."

लामारा आली. उशिरा, बाजाराला निघाल्यासारखी पिशवी घेऊन. दोघींनी डोक्याचे रुमाल सारखे केले. आम्ही दहाबाराजण समोरच्या बाकांवर मिनीबसची वाट पाहत होतो. झुराब हवालदार, तेव्हा तिघींना पकडून नेणाराच, आता पोट सुटलेला, रस्ता ओलांडून आला.

"मावशी, आजपण?"

"आजपण. राहिलंय तेवढंच."

 झुराबने टोपी काढून काखेत धरली, चर्चमध्ये धरतात तशी.

त्सियालाने दुसरं कडवं उचललं. लामाराचा सूर आधी चिरकला, मग लागला. खाली मात्र सगळं पोकळ. वर दोन सूर चालू असताना खाली खर्ज नसला, तर आमच्या माणसाला जेवणाच्या टेबलावरसुद्धा स्वस्थ बसवत नाही. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने तो धरला, मग आम्ही सगळ्यांनी, बसल्याबसल्या, तोंड मिटून. मिनीबस आली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

दोन्ही कडवी पुरी झाली. लामाराच्या डाव्या हाताला दोघींनी एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. गाणं संपल्यावरही येणारेजाणारे त्या जागेला वळसा घालूनच जात होते.